मिरची तुमची, मजुरी आमची: एका घरगुती चटणीचं प्रकरण

हे प्रकरण बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका घराचं आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे त्या घरच्या वहीवरून घेतलेत, सुटे रुपये तेवढे सोडून दिलेत. मी या भागातल्या महिला बचत गटांचे हिशेब बघते. घरी बसून काहीतरी सुरू करावं म्हणणाऱ्या बायका सतत भेटतात आणि बहुतेकींचा पहिला प्रश्न कर्ज कुठून मिळेल हाच असतो. या घरात कर्जाच्या आधी दुसरा एक प्रश्न सुटला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

तिला सुमनताई म्हणूया. वय चाळीसच्या आसपास, शिक्षण दहावीपर्यंत. नवरा उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका फौंड्रीत मोल्डिंगला. मुलगा नववीत, मुलगी सहावीत. सासू थोरल्या दिरांकडं, पण भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळं जाऊ आणि सासू दिवसभर एकाच परड्यात. रेशनकार्डं मात्र वेगळी आहेत आणि सुमनताईच्या कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून तिचंच नाव आहे. पुढं या गोष्टीला महत्त्व येणार आहे.

गाव बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याच्या अंगाचं. बाची मागं टाकली की शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. नकाशावर तिथं राज्य बदलतं, माणसांच्या वावरात काही बदलत नाही. चंदगडकडची मंडळी लग्नाच्या बस्त्यापासून दवाखान्यापर्यंत सगळ्यासाठी बेळगावात येतात. सुमनताईची नणंद तिकडंच दिलेली, आणि गावातल्या निम्म्या घरांतला एकेक मुलगा पुण्याला.

दिवाळी २०२२च्या सुमारास फौंड्रीतला ओव्हरटाइम बंद झाला. घरात येणारे पैसे तीन-चार हजारांनी कमी झाले. सुमनताईच्या हातची चटणी भावकीत नावाजलेली होती. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा, लसूण, खोबरं, धणे, तीळ आणि खडा मसाला घालून कांडलेलं वर्षभराचं तिखट. फेब्रुवारी ते मे हा त्याचा हंगाम. रंगासाठी ब्याडगी, झणक्यासाठी संकेश्वरी, आणि संकेश्वरी परवडेना झाली की गुंटूर. लोक वर्षाची चटणी एकदाच करतात, आणि नोकरीला जाणाऱ्या सुनांना आता देठं काढत बसायला वेळ नाही. तेव्हा गिऱ्हाईक होतं, त्याबद्दल शंका नव्हती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तिनं सुरुवात केली. गटातून वीस हजार उचलले. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी काढली. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असणाऱ्याला तेवढी पुरत होती, फी वर्षाला १०० रुपये. घरचं स्वयंपाकघर चालतं, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतो. १४ आकडी नंबर हातात आला तेव्हा घरात पेढे वाटले. हे ती पहिल्याच महिन्यात करून बसली याचं मला कौतुक वाटतं, कारण बहुतेक जणी हे काम कोणी विचारायला येईपर्यंत पुढं ढकलतात.

अडचण

पहिला हंगाम जोरात गेला. गल्लीत ठसका सुटायचा, समोरच्या घरातली म्हातारी खोकून बेजार व्हायची, शेवटी मिरची भाजायची चूल परड्याच्या पार टोकाला, गोठ्यामागं न्यावी लागली. चटणी मात्र शिल्लक राहत नव्हती. किलोला ४०० रुपये दर होता, कारण गावात सगळे तेवढाच सांगत होते. मे अखेर तिनं वही मिटली तेव्हा विक्री दिसत होती, पण पेटीत पैसे नव्हते.

याची कारणं एकात एक गुंतलेली होती.

एक कारण उधारी. “वैनी, दोन किलो ठेवा, ह्यांचा पगार झाला की देतो.” भावकीतल्या बाईला नाही कसं म्हणायचं? वहीची मागची पानं नावांनी भरली होती.

दुसरं कारण जूनमध्ये कळलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात वळवाचे ढग दाटून आले होते आणि त्या गडबडीत केलेल्या चटणीतला कांदा पुरता वाळला नव्हता. तळून कुरकुरीत व्हायच्या आधीच काढला, चटणी कोमट असतानाच पिशव्या भरल्या. आमच्या पश्चिम भागात मृगापासून जो पाऊस लागतो तो गणपतीपर्यंत हटत नाही, हवेत ओल असतेच. तीन आठवड्यांत पिशवीत गोळे झाले आणि वर पांढरी बुरशी दिसायला लागली. एका किराणा दुकानदारानं पिशव्या परत पाठवल्या. आता कुठल्या दिवशी भरलेल्या पिशव्या वाईट आणि कुठल्या चांगल्या, हे ओळखायला काही खूणच नव्हती. लेबलवर बॅच नंबरची जागा होती, ती कोरी सोडलेली. मग मे महिन्यात दिलेला सगळा माल तिनं परत घेतला, त्यात चांगलाही बराच गेला. बॅच नंबर सरकारला दाखवायला असतो असं समजणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. तो नंबर असता तर नुकसान एका घाण्यापुरतं राहिलं असतं.

लेबलचंही तसंच. दोन हजार स्टिकर नुसते मराठीत छापून घेतले होते. अन्नपदार्थाच्या पाकिटावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागते. त्याच्या जोडीला दुसरी कुठलीही भाषा चालते, पण तिच्याऐवजी नाही. शिवाय बेळगावच्या दुकानात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी सगळीच गिऱ्हाइकं येतात. पुढं तिनं इंग्रजी, मराठी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत लेबल केलं. घटक, निव्वळ वजन, भरल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, कमाल किंमत, पत्ता आणि फोन, हिरव्या ठिपक्याची शाकाहारी खूण, सगळं बसवून. जुने स्टिकर वाया गेले.

तिसरी अडचण गोड रूपात आली. सप्टेंबर २०२३ मध्ये गणपतीला पुण्याची मंडळी गावी आली, जाताना चटणी घेऊन गेली आणि तिकडून फोन सुरू झाले. महिन्याला दहा-बारा किलोच्या ऑर्डरी. दरही वीस रुपये जास्त द्यायला तयार. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोकं टाकलं की सकाळी पुण्यात. आसपासचे सगळे असंच पाठवतात. यात अडचण काय होती ते पुढं येतं.

चौथी गोष्ट कोणी बोलून दाखवत नव्हतं. जाऊ आणि सासू तिच्या बरोबरीनं राबत होत्या आणि त्यांना काहीच मिळत नव्हतं. जावेनं डिसेंबरात सरळ सांगितलं की पुढच्या हंगामाला मी शेताकडं बघणार.

हिशेब, ज्यावर सगळं फिरलं

जानेवारी २०२४ मध्ये ती वही घेऊन माझ्याकडं आली. तिचा प्रश्न होता की मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज, म्हणजे ५० हजारांपर्यंतचं, काढून मिरचीचा मोठा साठा करावा का. मी म्हटलं, आधी एक घाणा मांडून बघू.

दहा किलो मिरचीचा घाणा घेतला. त्यातून साधारण २४ किलो चटणी निघते. २०२३च्या हंगामात ब्याडगी तिला ५५० रुपये किलोनं पडली होती आणि गुंटूर २५० नं. पाच-पाच किलो धरली तर मिरचीचेच ४,००० झाले. कांदा, लसूण, खोबरं, धणे, तीळ, खडा मसाला, मीठ, तेल मिळून ३,१२०. कांडपाचे किलोला ३० प्रमाणं ७२०, गॅस ३००, पिशव्या आणि लेबलं ३८४. एकूण ८,५२४. विक्री २४ गुणिले ४००, म्हणजे ९,६००. वहीत १,०७६ रुपये नफा दिसत होता आणि ती त्यावर खूश होती.

मग मी विचारलं की एका घाण्याला किती बायका किती दिवस राबतात. ती मोजायला लागली. देठं काढणं, मिरची उन्हात घालणं, कांदा चिरून वाळवणं, लसूण सोलणं, खोबरं किसणं, एकेक जिन्नस वेगळा तळणं, कांडपाला नेऊन रांगेत थांबणं, परत आणून चाळणं, गार करणं, भरणं. सहा माणूस-दिवस झाले. त्या वर्षी कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१६ रुपये होती. सहा दिवसांचे १,८९६. म्हणजे प्रत्येक घाण्याला ८२० रुपये तोटा होता आणि तो तिघी आपल्या अंगावर घेत होत्या.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे रोजगार हमीला गेलो असतो तर बरं झालं असतं न्हवं?”

आकड्यांनी बघितलं तर हो. घरच्या बाईचं काम फुकट धरायची सवय इतकी मुरलेली आहे की धंद्याच्या वहीतही तिला रकाना मिळत नाही. आणि तो रकाना नसला की दर चुकतो, यंत्र घ्यायचं की नाही ते कळत नाही, जावेचा रागही विनाकारण वाटतो. मजुरी धरून चटणीचा खरा खर्च किलोला ४३४ रुपये येत होता. ४०० ला विकून पुण्याच्या काय, लंडनच्या ऑर्डरी आल्या असत्या तरी खड्डा मोठाच होत गेला असता.

कोणते पर्याय होते

साठ्याचा पर्याय लवकर निकालात निघाला. ब्याडगी मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा मोठा बाजार हावेरी जिल्ह्यात ब्याडगीलाच भरतो आणि तिथं शीतगृहं आहेत. व्यापारी मिरची तिथं ठेवतात. घरात ठेवली तर पावसाळ्यात ती ओल धरते, रंग जातो, बुरशी येते. शिवाय भाव चढेल या आशेवर कर्ज काढायचं, म्हणजे चटणी सोडून मिरचीचा धंदा करायचा. तिनं कर्जाचा विचार सोडला. दोनच महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, ब्याडगीच्या बाजारात भाव असे कोसळले की शेतकऱ्यांचा उद्रेक झाला, गाड्या पेटल्या. शेतकऱ्याचं त्यात जे झालं ते वाईटच, पण कर्ज काढून भरलेली मिरची या घरातही रडवून गेली असती.

पुण्याच्या ऑर्डरींचा प्रश्न जास्त अवघड होता, आणि सीमाभागातल्या प्रत्येक घरगुती उद्योगाला तो कधी ना कधी गाठतो. सगळे सांगतात की वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. हे खरं आहे, पण राज्याच्या आतल्या विक्रीपुरतं. करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकून पाठवली तर हस्तकलेसारखे थोडे अपवाद सोडून पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. पुणे सोडाच, शिनोळीला पाठवली तरी लागते. बेळगावहून बेंगळूरु पाचशे किलोमीटरवर, तिथं पाठवायला अडचण नाही. नणंदेच्या गावच्या दुकानात एक खोकं द्यायला मात्र आहे. कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, जाऊनही सुटका नाही, कारण त्या योजनेत राहून राज्याबाहेर माल विकता येत नाही. बेळगावातल्या एका कर सल्लागारानं हे तिला नीट समजावून सांगितलं.

मग नोंदणी करून टाकावी का? इथं रेशनकार्डाचा मुद्दा येतो. ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटकात गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर यायला लागले. ती बाई किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल किंवा जीएसटी विवरण भरत असेल तर ते मिळत नाहीत. नोंदणी केली की वर्षाचे २४,००० गेले. विवरणं भरायला सल्लागाराची फी वर्षाला नऊ हजारांच्या घरात. म्हणजे ३३,००० चा बोजा, दरावर कर चढणार ते वेगळंच.

समोर होत्या वर्षाच्या दीडशे किलोच्या आत असलेल्या पुण्याच्या ऑर्डरी. नवा दर ५२० ठरवला तर मजुरी वजा जाता किलोला ८६ रुपये सुटणार. १५० किलोला १२,९०० होतात. ३३,००० घालवून १२,९०० मिळवायचे, याला कोणी धंदा म्हणणार नाही. नोंदणी परवडायला राज्याबाहेरची विक्री वर्षाला ३८५ किलोच्या, म्हणजे महिन्याला ३२ किलोच्या वर जायला हवी. हा आकडा तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला.

गुपचूप पाठवत राहायचं हाही पर्याय होताच, आणि तो सुचवणारे सर्वांत जास्त होते. तिनं तो नाकारला. तिचं म्हणणं साधं होतं की लेबलवर माझं नाव आणि फोन नंबर आहे, मग लपून काय पाठवायचं? मला हे पटलं. नाव छापून माल विकणाऱ्याला लपाछपी झेपत नाही.

यंत्राचा पर्याय दिरांनी काढला होता. दोन हॉर्सपॉवरचं पल्व्हरायझर, म्हणजे मसाला दळायचं यंत्र, घरात बसवायचं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान होतं, कर्नाटक सरकार त्यात १५ टक्के घालत होतं. त्या योजनेत बेळगाव जिल्ह्याचा ठरलेला पदार्थ गूळ होता, पण मसाल्यालाही अर्ज करता येईल असं तिला सांगण्यात आलं. निम्म्या पैशात यंत्र म्हटल्यावर कोणाचाही हात पुढं जाईल. पण विजेचा हिशेब घातला तेव्हा चित्र बदललं. कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत घरगुती मीटरला २०० युनिटपर्यंत वीज फुकट मिळते, तीही २०२२-२३ च्या सरासरी वापरावर दहा टक्के एवढीच. तिच्या घरची सरासरी ५८ युनिट. यंत्र रोज चार तास, महिन्यात पंचवीस दिवस चाललं तर दीडशे युनिट त्यालाच लागणार. बेरीज दोनशेच्या पुढं गेली की सगळं बिल भरायचं. आणि धंद्याचं यंत्र घरगुती मीटरवर चालवणं हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, नियमात बसत नाही, वेगळं कनेक्शन घ्यावं लागतं. हंगाम चार महिन्यांचा, कनेक्शनचा स्थिर आकार बारा महिन्यांचा. शेजारच्या गावात कांडप असताना हे कशाला, असं ठरलं.

काय केलं

मार्ग नणंदेच्या बोलण्यातून निघाला. ती म्हणाली, “वैनी, आमच्या गावच्या बायका मिरची घेऊन येतो म्हणतात. तुम्ही करून द्या, मजुरी घ्या.” जुनीच रीत आहे ही. पूर्वी भावकीतल्या बायका एकमेकींकडं बसून असंच करायच्या, फक्त मजुरीचा विषय नसायचा.

मजुरीचा रकाना वहीत आलेला असल्यामुळं सुमनताईला या बोलण्याचं मोल लगेच कळलं. कांडप, गॅस आणि सहा माणूस-दिवसांची मजुरी मिळून घाण्याला २,९१६ रुपये, म्हणजे किलोला १२१. तिनं १६० दर लावला. मिरची, कांदा, खोबरं, मसाला सगळं गिऱ्हाइकाचं, वजन करून घ्यायचं, वजन करून द्यायचं, डबाही त्यांचाच. गिऱ्हाइकाचं सामान असल्यामुळं भांडवल अडकत नाही, मिरचीच्या भावाची चिंता नाही आणि उधारी फार तर मजुरीपुरती राहते. तीही तिनं बंद केली: निम्मे पैसे सामान देताना, निम्मे डबा नेताना.

करसल्लागाराला विचारल्यावर आणखी एक गाठ सुटली. चटणी विकली की ती वस्तू. दुसऱ्याच्या सामानाची चटणी करून दिली की ती सेवा. सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि ऑक्टोबर २०१७ पासून ही सूट राज्याबाहेरच्या गिऱ्हाइकाला दिलेल्या सेवेलाही आहे. म्हणजे चंदगडची बाई मिरची घेऊन आली आणि चटणी घेऊन गेली तर काहीच अडत नाही.

पाकिटातली चटणी तिनं बंद केली नाही, पण मर्यादेत ठेवली. दर ५२०. पुण्याला स्वतः पाठवणं थांबवलं. ज्यांना हवी त्यांनी गावी आल्यावर घरातून घ्यावी, किंवा बेळगावात राहणाऱ्या नातेवाइकानं येऊन घ्यावी. गिऱ्हाइकानं इथं येऊन माल ताब्यात घेतला आणि बिलावर राज्याबाहेरचा पत्ता नसला की ती विक्री कर्नाटकातलीच ठरते. बाकीचा माल रविवार पेठेतल्या एका नोंदणीकृत व्यापाऱ्याला ४७० नं द्यायचा. पुढं तो पुण्याला पाठवतो, कर तो भरतो. किलोला ५० रुपये कमी मिळतात, पण खोकी बांधणं, ट्रॅव्हल्सवाल्याशी भांडणं आणि पैशासाठी फोन करणं वाचतं.

कामाची पद्धतही बदलली. उन्हाळी कांदा एप्रिलच्या कडक उन्हात चिरून वाळवून ठेवायचा. तळलेला जिन्नस हातात घेऊन चुरला तर चुरा व्हायला हवा, वाकला तर पुन्हा कढईत. कांडून आणलेली चटणी रात्रभर परातीत पसरून गार करायची, मग भरायची. पिशवीवर तारीख आणि घाण्याचा नंबर हातानं लिहायचा, वहीत त्याच नंबरासमोर पिशव्या कुणाला गेल्या त्यांची नावं. मे संपला की घाणा बंद. जून ते सप्टेंबर फक्त साठवलेला माल विकायचा.

आणि दर शनिवारी जावेला आणि सासूला मजुरी. सासूनं पहिल्यांदा घेतली नाही. दुसऱ्या शनिवारी घेतली आणि पदराला बांधली.

काय निष्पन्न झालं

फेब्रुवारी ते मे २०२४ मध्ये मजुरीवर साधारण ४०० किलो चटणी झाली, त्यातली तिसरा हिस्सा तरी चंदगडकडची. पाकिटातली दीडशे किलोच्या आसपास. गल्लीतल्या आणखी दोघींना रोजानं काम मिळालं. मजुरीच्या कामातून सगळ्यांची मजुरी, कांडप, गॅस जाऊन किलोला ३० ते ३९ रुपये सुटले, म्हणजे बारा ते पंधरा हजार. पाकिटावर दहा हजारांच्या आत. तिची स्वतःची मजुरी याच्या शिवाय. गटाचं कर्ज फिटलं. बुरशीची तक्रार एकही आली नाही.

दराचा वाद मात्र झाला. मार्चमध्ये मिरची पडल्यावर गिऱ्हाईक म्हणायला लागलं की मिरची निम्म्यावर आली, मग तुमचा दर का उतरत नाही? तिनं वही उघडून दाखवली. ब्याडगी २५० वर आली होती खरी, पण त्याच हंगामात फेब्रुवारीत लसूण किलोला चारशेवर गेला होता, आणि एप्रिलपासून रोजगार हमीची मजुरी ३१६ वरून ३४९ झाली होती, तीच तिनं बायकांना लावली. खर्चात किलोमागं जेमतेम ११ रुपयांचा फरक पडत होता. वही दाखवल्यावर बहुतेक जण ऐकतात. काही गेले, गावातल्याच दुसऱ्या घरी ४२० नं मिळते म्हणून. त्या घरचा हिशेब कोणी मांडून बघितलेला नाही, हे बघून मला वाईट वाटतं. तिथंही दोन बायका फुकट राबत असणार.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त दुरुस्ती म्हणजे पहिला घाणा विकायच्या आधी मांडायचा एक कागद. किती जणी, किती दिवस, एवढं लिहिलं असतं तरी पहिल्या हंगामातला तोटा टळला असता. दर एकदा ४०० लावल्यावर ५२० करणं भावकीत किती जड जातं ते तिनं भोगलं. काही जुनी गिऱ्हाइकं अजून तिच्याशी तुटक बोलतात.

लेबल छापण्यापूर्वी नियम बघायला हवे होते, आणि दोन हजारांऐवजी दोनशे छापायला हवे होते. घरगुती मालाचं पहिलं लेबल बदलतंच.

व्यापाऱ्याशी ठरवताना पैसे किती दिवसांत द्यायचे हे कागदावर आलं नाही. तो माणूस चांगला आहे, पण पैसे दीड-दीड महिना लांबतात. एवढ्या छोट्या पुरवठादाराला तेवढं थांबणं परवडत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, आधारवर होते. ती केली असती तर उशिराच्या पैशांबद्दल बोलायला कायद्याचा थोडा आधार मिळाला असता. ती नोंदणी तिनं आता केली आहे.

एक गोष्ट अजून, म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये हे लिहिताना, सुटलेली नाही. हंगाम ऐन परीक्षेच्या दिवसांत येतो. २०२५च्या मार्चमध्ये मुलगा एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, बसायचा आहे, आणि घरात पहाटेपासून मिरचीचा ठसका. माझं मत, परीक्षा संपेपर्यंत घाणा दिरांच्या शेतातल्या शेडमध्ये न्यावा, पाण्याची आणि झाकण्याची सोय करून. एफएसएसएआयच्या नोंदणीत पत्ता घरचा आहे, तेव्हा जागा बदलायची तर आधी तो बदलून घ्यावा लागेल. तिचं म्हणणं, मार्चमध्ये काम निम्मं करावं आणि एप्रिल-मेमध्ये भरून काढावं. जाऊ म्हणते शेडच बरी, कायमची. तिघींचं अजून ठरलेलं नाही, आणि मिरची यायला दोन महिने आहेत.